वाटी रिकामी परत द्यायची नाही

आमच्या आईचा एक नियम होता. शेजारून वाटीभर साखर आणली, तर ती वाटी रिकामी परत जायची नाही. साखर फेडायची ती फेडायचीच, वर दोन भजी, थोडी जवसाची चटणी, काहीच नसलं तर परसातली चार लिंबं. मी तीस वर्षं आदिलाबादच्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होतो. मारधाडीचे इतके सिनेमे मशीनवर चढवले की कोणता कशावरून उचलला ते पहिल्या रिळातच कळायला लागलं. जुन्या सिनेमाला सलाम करत नवा काढणाऱ्यांना मी आईच्याच नियमानं तोलत आलो. कोणी वाटी भरून परत केली, कोणी रिकामी केली, कोणी वाटीच लंपास केली.

आमचं गाव अशा पारखीला बरं. घरात मराठी, कापसाच्या मार्केटात तेलुगू, टॉकीजच्या रांगेत हिंदी, आणि इंद्रवेल्ली-उटनूरकडून आलेली माणसं आपसात गोंडी बोलणार. एकच कथा आम्ही दोनदा-तीनदा, वेगवेगळ्या भाषांत पाहिलेली असते. वर एक गंमत. हैदराबाद संस्थान १९४८ मध्ये संपलं, पण सिनेमाच्या धंद्यात 'निझाम' अजून जिवंत आहे. वितरणाच्या आमच्या भागाचं नावच ते. आमच्या रिळांच्या पेट्या हैदराबादहून यायच्या. डोल्लाराजवळ पैनगंगेचा पूल ओलांडला की यवतमाळ जिल्हा, म्हणजे 'सी.पी. बेरार', तिथल्या पेट्या अमरावतीहून. एकाच नदीच्या दोन काठांवर तोच सिनेमा महिन्याच्या फरकानं लागायचा, आणि अलीकडचे पोट्टे पलीकडच्यांना शेवट सांगून मोकळे व्हायचे.

तर अनुभवातून जे कळलं ते लिहितो. आकडे टाकलेत ते फक्त मला धागा सापडावा म्हणून.

१. ज्यानं जे आधी पाहिलं, त्याला तेच अस्सल वाटतं

'शोले' मी पहिल्यांदा जैनथच्या जत्रेत पाहिला, टुरिंग टॉकीजमध्ये, वय तेरा. तिकिटाला पैसे नव्हते म्हणून पडद्याच्या मागच्या बाजूनं पाहिला. तिकडून सगळं उलटं दिसतं. अमिताभ बच्चन डावखुरा. माझा अमिताभ मात्र कितीतरी दिवस उजवाच होता. पुढे नोकरीला लागल्यावर समोरून पाहिला तेव्हा मला तो चुकल्यासारखा वाटला.

१९८४च्या सुमारास आमच्याकडे 'मेरा गांव मेरा देश' पुन्हा लागला. राज खोसलांचा, १९७१चा. गावात येऊन सुधारणारा चोर धर्मेंद्र, डाकू विनोद खन्ना, आणि डाकूचं नाव जब्बर सिंग. पहिल्या दहा मिनिटांत खालून आरडाओरडा सुरू झाला, "अबे, चोरला ना शोले!" चार वर्षं आधीचा सिनेमा चार वर्षं नंतरच्याची चोरी ठरला. मी वर खिडकीतून ओरडून सांगावं तर ऐकतंय कोण.

त्यात एक हात गमावलेले म्हातारे हवालदार आहेत, जयंत यांनी केलेले. हे जयंत म्हणजे अमजद खानचे वडील. बापानं १९७१ मध्ये पडद्यावर एक हात गमावला. मुलानं १९७५ मध्ये ठाकूरचे दोन्ही छाटले. 'शोले' १५ ऑगस्टला लागला, जयंत त्याच जूनमध्ये गेले होते. हे कळलं तेव्हा मशीनजवळ एकटाच बसून होतो, आणि अंगावर काटा आला होता, खोटं कशाला सांगू.

'शोले'मागे आणखीही उधारी आहेच. गावकऱ्यांनी लुटारूंविरुद्ध भाडोत्री लढवय्ये आणणं हे अकिरा कुरोसावाच्या 'सेव्हन सामुराई'चं, १९५४चं. ठाकूरचं कुटुंब अंगणात एकेक करून पडतं ते सर्जिओ लिओनेच्या 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'चं, १९६८चं. सलीम-जावेदनी चार घरांतून चार वाट्या आणल्या, पण परत काय केलं ते पाहा. मावशीकडे मित्राचं स्थळ घेऊन जाणारा आणि बोलता बोलता त्याची सगळी लफडी सांगून टाकणारा जय ना जपानात सापडतो, ना इटलीत. तो आपल्याच सोयरिकीच्या बैठकीतला आहे.

२. आवाज आपल्या घरचा असावा

१९८६च्या गणपतीत आम्ही आमच्या मूळ गावी, बेलाकडे, 'शोले' नाटकासारखा बसवला. गब्बर झाला कापसाच्या गाठी उचलणारा एक हमाल, अंगानं जबर पण आवाजानं बारीक. मी आवाजांचा माणूस. त्या संवादांची पॉलिडोरची तबकडी गावोगाव वाजायची, त्यामुळे प्रत्येक वाक्य पब्लिकला पाठ. हीच पंचाईत झाली. आमचा गब्बर एक शब्द चुकला की समोरचे पोट्टे दुरुस्त करायचे. पहिल्या अंकात आम्ही अक्षरशः हरलो.

दुसऱ्या अंकात गब्बर दगडावरून पट्टा ओढत चालतो तो प्रसंग. पट्ट्याचा आवाज काही केल्या येईना. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली बसून मी एका शेतकऱ्याच्या गोठ्यातून आणलेली बैलाची साखळी फरशीवर ओढली. खर्रर्र झालं आणि तिसऱ्या ओळीतून एक म्हातारा उठला, "थांबा रे! ही साखळी तर आमच्या ढवळ्याची हाय!" त्यानं ती आवाजावरून ओळखली. सगळा मांडव हसला. आमचा गब्बर, कोण जाणे कसं सुचलं त्याला, म्हणाला, "हो काका, ढवळ्याच घेऊन आलाय मला." तिथून पुढे संवाद कोणी दुरुस्त केले नाहीत. गब्बर पैनगंगेपलीकडचा भाव सांगू लागला, सांबानं मार्केटातल्या तोलाईचं गाऱ्हाणं काढलं, आणि नाटक रात्री दोनपर्यंत चाललं.

पुढे मालेगावचं ऐकलं तेव्हा मला हीच साखळी आठवली. व्हिडिओ पार्लरवाले नासिर शेख यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' काढला. घोड्यांना पैसे नव्हते, डाकू सायकलीवर आले. यंत्रमागावर काम करणारी माणसं पडद्यावर स्वतःच्या गल्लीत स्वतःच्या बोलीत भांडत होती. त्यांच्यावर फैझा अहमद खान यांनी माहितीपट केला, आणि २०२५च्या फेब्रुवारीत रीमा कागतींचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' थिएटरात आला. नक्कल करणाऱ्या माणसांवर सिनेमा निघाला. हिशोब कुठून कुठे गेला बघा.

३. उधारी लिहून ठेवावी

हा धडा मला फार उशिरा, भाच्याच्या मोबाइलवर मिळाला. लिओनेनं १९६४ मध्ये 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' काढला, तो कुरोसावाच्या 'योजिम्बो'वरून, १९६१च्या. विचारलं नाही, सांगितलं नाही. जपानी कंपनीनं दावा लावला. तडजोडीत जगभरच्या कमाईचा पंधरा टक्के वाटा आणि जपानातले वितरणाचे हक्क द्यावे लागले. त्याउलट 'सेव्हन सामुराई'वरून अमेरिकेत १९६० साली 'द मॅग्निफिसंट सेव्हन' निघाला तो रीतसर, नाव देऊन.

आपल्याकडे राम गोपाल वर्मा एकाच माणसात दोन्ही बाजू दाखवतात. 'सरकार'च्या (२००५) सुरुवातीलाच पाटी येते की हा 'द गॉडफादर'ला सलाम आहे. मग माणूस निर्धास्त होऊन पाहतो: गॉडफादर मुंबईत असता तर हात जोडून आलेल्यांना कसा भेटला असता? दोन वर्षांनी त्यांनीच 'शोले'वर 'आग' काढला. तो आमच्याकडे आला तेव्हा दुसऱ्या दिवशी मॅटिनीला मी, गेटकीपर आणि उन्हाला कंटाळून आत शिरलेले सहा-सात जण. पुढे दिल्ली उच्च न्यायालयानं दहा लाख भरायला लावले. मला विचाराल तर पैशांचं सोडा, चूक वेगळीच होती. ज्या सिनेमावर आपला जीव आहे त्याच्यातला कोणता तुकडा आपल्याला नकोय, हे त्यांनी ठरवलंच नव्हतं. सगळंच उचललं.

४. बापाची टोपी मुलाला मोठी होते, तरी घालू द्यावी

तेलुगू लोकांच्या काऊबॉयबद्दल आपल्या मराठी वाचकाला फारसं ठाऊक नसतं. १९७१ मध्ये कृष्णा यांनी 'मोसगाळ्ळकु मोसगाडु' काढला, म्हणजे 'ठकाला महाठक'. दिग्दर्शक के. एस. आर. दास. क्लिंट ईस्टवुडचे, लिओनेनंच काढलेले सिनेमे डोळ्यांसमोर ठेवून, राजस्थानच्या वाळवंटात घोडे पळवून, टोपी आणि पिस्तूल देऊन एक तेलुगू हिरो उभा केला. भारतातला पहिला काऊबॉय सिनेमा म्हणतात तो हा. मी तो १९८० नंतरच्या मॉर्निंग शोला किती वेळा चालवला त्याची मोजदाद नाही. प्रिंट इतकी घासलेली, की वाळवंटात सारखा पाऊस पडतोय असं वाटायचं.

खरं तर आदिलाबादच्या मे महिन्यात, ४४-४५ अंशांत, तो रखरखाट आम्हाला परका नव्हताच. पडद्यावर धूळ उडायची, बाहेर पडलं की खरी धूळ. कापूस घेऊन आलेले गाडीवान टॉकीजसमोरच बैल सोडायचे, त्यामुळे इंटरव्हलमध्ये बाहेर आलेला माणूस चार पावलांत वाळवंटातून गोठ्यात यायचा.

२००२च्या संक्रांतीला महेश बाबूचा 'टक्करी दोंगा' आला. महेश हा कृष्णांचा मुलगा. परत टोपी, परत घोडा, परत खजिन्याचा शोध, दिग्दर्शक जयंत परांजी. सिनेमा मला बेताचाच वाटला. लांब आणि चकचकीत. पण एका ठिकाणी स्वतः कृष्णा पडद्यावर येतात. त्या शोला बाल्कनीतून एक आवाज निघाला, शिट्टी नाही, टाळी नाही, घरात बऱ्याच दिवसांनी वडीलधारं माणूस आल्यावर निघतो तसा. पहिल्या शोपासून शेवटच्या शोपर्यंत तो आवाज तिथंच निघाला. मी मशीनजवळ उभा राहून त्याची वाट बघायचो.

कृष्णा नोव्हेंबर २०२२ मध्ये गेले. पुढच्या मे महिन्यात, त्यांच्या वाढदिवशी, तो १९७१चा सिनेमा नव्यानं स्वच्छ करून पुन्हा थिएटरात लागला. भाच्यानं नेलं. पाऊस नव्हता, एक ओरखडा नाही. मला करमलं नाही.

पवन कल्याणच्या 'गब्बर सिंग'बद्दल (२०१२) दोनच ओळी. सलमानच्या 'दबंग'वरून केलेला, आणि हिरो पोलिसवाला असून स्वतःचं नाव गब्बर सिंग ठेवतो, कारण लहानपणापासून त्याला गब्बर आवडतो. खलनायकाचं नाव पोलिसाला! आमच्या नाटकातल्या त्या हमालाला मुद्दाम बोलावून दाखवला. तो म्हणाला, "बघ, मी आधीच सांगितलं होतं, गब्बर चांगला माणूस हाय." मी चालवलेल्या शेवटच्या काही सिनेमांपैकी हा एक. तोवर रिळं जाऊन डिजिटल आलं होतं. बटण दाबायला माझी गरज नव्हती, मीही फार ओढून धरलं नाही.

५. बाहुली बदलण्याआधी बाहुल्या कोण नाचवतं ते पाहावं

मराठी सिनेमा आमच्या टॉकीजला क्वचितच यायचा. किनवटला लागला तर रेल्वेनं जाऊन पाहायचा, नाहीतर व्हिडिओ कॅसेट. महेश कोठारेंचा 'झपाटलेला' (१९९३) असाच पाहिला. अमेरिकेत १९८८ मध्ये 'चाइल्ड्स प्ले' आला होता; मरणारा गुंड मंत्र म्हणून बाहुल्यात शिरतो. तिकडे तो बाहुला फेरीवाल्याकडून विकत आणलेला. आपल्याकडे १९९३ मध्ये कोणत्या घरी दोन हात उंचीचा बोलका बाहुला होता? कोठारेंनी तो शब्दभ्रमकाराच्या हातात दिला. लक्ष्मीकांत बेर्डे बाहुल्याशी बोलणारा माणूस, आणि बाहुला घडवला रामदास पाध्येंनी, ज्यांच्या घराण्याचा अर्धवटराव मराठी पोरासोरांना आधीच ठाऊक. त्यामुळे तात्या विंचू बोलतो याचं कोणाला नवल वाटलं नाही. भीती वाटली ती मालक गप्प असताना तो बोलतो याची. मूळ सिनेमात ही भीती नाही. हे वाटीतून परत गेलेलं.

आमच्या घरी माझी बहीण त्यानंतर वर्षभर कपाटातल्या निर्मळच्या लाकडी खेळण्यांकडे पाठ करून झोपत नसे. राघू-मैनेची जोडी होती बिचारी.

६. माणूस आपल्या गावचा असेल तर डोळे दुप्पट उघडे ठेवावे

इथं जरा थांबतो.

'आरआरआर' २५ मार्च २०२२ला आला. जगानं त्यातला नाच पाहिला, पुढच्या मार्चमध्ये त्या गाण्याला ऑस्कर मिळालं. आमच्यासाठी त्यात एकच गोष्ट होती: पडद्यावर जंगलाचं नाव आदिलाबाद होतं आणि हिरोचं नाव कोमरम भीम.

भीम संकेपल्लीचा, आसिफाबादकडचा गोंड. तरुणपणी जमिनीच्या भांडणात एका माणसाला मारून तो पळाला. सांगतात की चंद्रपूरला विठोबा नावाच्या एका छापखानेवाल्यानं त्याला आसरा दिला आणि तिथं तो लिहाय-वाचायला शिकला. मग आसामच्या चहामळ्यांत. परत आला तो जल, जंगल, जमीन आमची म्हणत. निझामाच्या अमलाविरुद्ध बारा गावं उभी केली आणि १९४०च्या आश्विनात जोडेघाटला गोळीबारात गेला. निझाम सरकारला नंतर प्रश्न पडला की ही माणसं इतकी का चिडली, म्हणून हायमेनडॉर्फ नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाला पाठवलं. तो मारलवाईत गोंडांमध्ये राहिला. जोडेघाटला भीमाची पुण्यतिथी आश्विन पौर्णिमेला असते. आपल्याकडे त्या रात्री कोजागिरीचं दूध आटत असतं. मी दोनदा गेलोय. संध्याकाळी घरी परतून दूध प्यायला बसलो आणि पिववेना असं एकदा झालं.

दिग्दर्शक राजामौलींचा भीम १९२०च्या सुमारास दिल्लीत अल्लूरी सीताराम राजूला, म्हणजे सिनेमातल्या रामला, भेटतो. खरे दोघे कधी भेटलेच नाहीत. राजू पूर्वेच्या डोंगरांत लढला आणि १९२४ मध्येच मारला गेला, भीमाच्या बंडाच्या कितीतरी आधी. राजामौलींनी सांगून टाकलंय की ही कल्पना 'द मोटरसायकल डायरीज'वरून सुचली, चे गेव्हाराच्या तरुणपणीच्या प्रवासावरचा सिनेमा. दोघांच्याही आयुष्यात घरापासून दूर गेलेली, फारशी माहिती नसलेली काही वर्षं आहेत. त्या रिकाम्या जागेत त्यांनी आपला खेळ मांडला.

सिनेमा येण्याआधी वाद झाला होता. २०२०च्या ऑक्टोबरात झलक आली तेव्हा त्यात भीमाच्या डोक्यावर मुसलमानी टोपी. आमच्या जिल्ह्यात संताप उसळला, इथल्या खासदारांनीही धमकीची भाषा केली. सिनेमात ते वेषांतर निघालं. पण मला तो संताप समजतो. ज्याची एकच आठवण शिल्लक आहे, त्या आठवणीच्या डोक्यावर दुसऱ्यानं काहीही ठेवलं तर घरचा माणूस आधी दचकतो, कारण नंतर विचारतो.

मी सिनेमा पाहिला तो उटनूरकडच्या एका निवृत्त गोंड गुरुजींबरोबर. आमची ओळख जुनी, सोमवारच्या तिकीट खिडकीवरची. मला वाटलं होतं, गुरुजी भडकतील. ते तीन तास गप्प. इंटरव्हलला सोडाही घेतला नाही. बाहेर आल्यावर म्हणाले, "वाघाची माफी मागितली ते बरोबर होतं."

सुरुवातीला भीम वाघ पकडतो आणि बेशुद्ध पडलेल्या वाघाला म्हणतो की मला माफ कर, माझ्या कामासाठी तुला वापरतोय. सगळं थिएटर वाघाच्या उडीवर ओरडलं होतं; गुरुजींनी उडी बाजूला ठेवून ते एक वाक्य उचललं. ताडोबा-टिपेश्वरचे वाघ पैनगंगा ओलांडून आमच्या कवालच्या जंगलाकडे येतात. वाघ हा गुरुजींसाठी शेजारी आहे, भांडणारा का असेना.

"आणि चुकलं काय, गुरुजी?"

"तो राम त्याला शेवटी लिहायला शिकवतो. बाबू, भीम लिहायला चंद्रपूरला शिकला. छापखान्यात. आमचे म्हातारे सांगतात ते."

मी रस्त्यावरच थबकलो. कारण ते शेवटचं दृश्य मला सगळ्यात आवडलं होतं. गुरुजींचं बरोबर होतं, पण माझं मन दुसरीकडे गेलं. राजामौलींनी छापखानेवाला काढला आणि त्याच्या जागी आपल्या दुसऱ्या हिरोला बसवलं. अक्षरं मात्र तशीच ठेवली. बंडखोराला शेवटी बंदूक मागायची सोडून अक्षरं मागावीशी वाटतात, ही आदिलाबादच्या डोंगरातली गोष्ट जगभर गेली. विठोबाचं नाव गाळून गेली. हा हिशोब कसा मांडायचा, मला अजून कळलेलं नाही. वाटीत बरंच काही परत आलं, पण ती वाटी आपली नव्हे असं गुरुजींना वाटलं तर त्यांना कोण चूक म्हणेल?

शेवटाकडे राम भगवी वस्त्रं नेसून धनुष्य घेऊन येतो. त्या वेळी आमच्या पुढच्या रांगेतली पांढरे केस झालेली तेलुगू माणसं उठून उभी राहिली. त्यांनी कृष्णांचा १९७४चा 'अल्लूरी सीताराम राजू' पाहिलेला. तीच वस्त्रं, तेच धनुष्य. त्यांना त्यांचा जुना सिनेमा सापडला. भीमावरचाही जुना सिनेमा आहे: अल्लाणी श्रीधर यांनी १९९०मध्ये केलेला 'कोमरम भीम', भूपाल रेड्डींनी काम केलेला. राज्याचे पुरस्कार मिळाले आणि मग तो थिएटरात यायला २०१० उजाडलं. वीस वर्षं डब्यात. त्यात ना वाघ उडी मारतो, ना मोटारसायकल हवेत फिरवून फेकली जाते. तो पाहिलेला मी आणि गुरुजी, आम्ही दोघेच त्या रांगेत असू. आम्हाला उठून उभं राहण्याजोगी खूण काही मिळाली नाही.

नंतर गुरुजींना सोडायला स्टँडवर गेलो. उटनूरची बस लागेपर्यंत ते दंडारीबद्दल बोलत होते, दिवाळीत गुसाडी मोरपिसांचा मुकुट घालून नाचतात त्याबद्दल. म्हणाले, तो मुकुट कोणी नवा करत नाही, जुन्यातच पिसं घालत जातात.

७. कापणाऱ्यानं आधी स्वतःची कात्री आठवावी

इतकी पारख सांगितली, आता माझं. रात्रीचा शो सुटला की किनवट आणि बेलाकडे जाणारी शेवटची गाडी चुकू नये म्हणून मालक सांगायचे, पंधरा मिनिटं काढ. 'शोले' तीन तासांच्याही वरचा. मग मी कापायचो. सूरमा भोपालीची वखार मी काढून टाकत असे, कधी तुरुंगातला जेलर. फिल्म तोडायची, सिमेंटनं जोडायची, तुकडा डब्यात. आठवडा संपला की परत लावायचा. एकदा घाईत लावायचा राहिला आणि पेटी पुढच्या गावी गेली. त्या गावानं जो 'शोले' पाहिला त्यात सूरमा भोपाली नाहीच. तिथल्या कोणा पोरानं पुढे सिनेमा काढला असता तर त्याच्या सलामीतही तो नसता, आणि चूक माझी.

म्हणून 'शोले'चा खरा शेवट इटलीत बोलोन्याला २०२५ च्या जूनमध्ये दाखवल्याचं वाचलं, ज्यात ठाकूर गब्बरला मारतो, तेव्हा मला फार नवल वाटलं नाही. १९७५ मध्ये, आणीबाणीत, सेन्सॉरनं तो शेवट बदलायला लावला आणि गब्बर पोलिसांच्या हाती गेला. पन्नास वर्षं सगळ्यांनी ज्याला सलाम केले तो कापलेलाच होता. कोणी सेन्सॉरकडे कापला, कोणी आदिलाबादेत.

तो तुकड्यांचा डबा अजून घरी आहे. भाचा रिळं बनवतो, म्हणजे मोबाइलवरची. मी रिळं म्हटलं की आता मुलं तेच समजतात. परवा त्याला पैनगंगेच्या पात्रात दगडांवरून चालतानाचा एक शॉट घ्यायचा होता, अंगावर घोंगडी, क्लिंट ईस्टवुडसारखी. म्हणाला, "मामा, पट्ट्याचा आवाज पाहिजे, शोलेसारखा." डब्याच्या खाली शोधताना हाताला ती लागली. ढवळ्याची साखळी. १९८६ पासून परत केली नव्हती.

भाच्याचं काम झाल्यावर पोळ्याच्या आदल्या दिवशी ती धुतली, आणि पुरणपोळीच्या डब्यासोबत त्या घरी नेली. मांडवात उठलेले काका कधीच गेले, मुलगा साठीचा. गोठ्यात ट्रॅक्टर. त्यानं साखळी हातात घेतली, दारातल्या फरशीवर थोडी ओढून पाहिली.

"बाबा सांगायचे," तो म्हणाला, "त्या वर्षी ढवळ्याला तीन दिवस दोरीनं बांधावं लागलं. दोरी तोडून तो पाटलाच्या पऱ्हाटीत शिरला. दंड भरला होता आम्ही."

मग आत बायकोला हाक मारून म्हणाला, "चहा ठेव. गब्बरचा माणूस आलाय."